मिसुरीवरच्या ३४० मैलांसाठी भाड्याची कयाक : नाव उत्तम, बैठक सुमार

अमेरिकेतील मिसुरी नदीवर कॅन्सस सिटी ते सेंट चार्ल्स असे ३४० मैलांचे, म्हणजे सुमारे ५४७ किलोमीटरचे अंतर वल्हवून पार करण्याची 'एमआर ३४०' ही शर्यत २००६ पासून भरत आली आहे. तिच्यासाठी कॅन्सस सिटीच्या परिसरातील एका दुकानातून मी एकट्याने वल्हवायची कयाक, म्हणजे लांब, अरुंद नाव, भाड्याने घेतली होती. नाव, वल्हे, लाइफ जॅकेट, रात्रीचे दिवे, आरंभस्थळी नाव पोहोचवणे आणि सेंट चार्ल्सला ती परत ताब्यात घेणे हे सारे एकाच भाड्यात होते, आणि ते भाडे तशा नव्या नावेच्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके पडले. एवढे लांब वल्हवण्याची हौस वर्षातून एकदाच भागवणाऱ्याला हा सौदा महाग नाही. मात्र दुकानदाराने नावेच्या बुडाची जेवढी काळजी घेतली होती, तेवढी वल्हवणाऱ्याच्या बुडाची घेतली नव्हती, आणि या शर्यतीत दुसरी काळजीच अधिक मोलाची ठरते.

याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. साउथ डकोटा आणि नेब्रास्का यांच्या सीमेवरील गॅव्हिन्स पॉइंट हे मिसुरीवरचे सर्वांत खालचे धरण. तेथून मुखापर्यंत नदी अडवलेली नाही. त्यामुळे नाव पाण्याबाहेर काढून खांद्यावरून वाहून नेण्याचा प्रसंग या शर्यतीत येत नाही, आणि नाव वीस-पंचवीस किलोची असली तरी काही बिघडत नाही. शर्यतीची मुदत साडेतीन दिवसांहून थोडी अधिक असते. म्हणजे झोप, जेवण आणि थांबे धरून ताशी सहा-साडेसहा किलोमीटरची सरासरी पुरते, आणि त्यातला बराच वाटा प्रवाह स्वतःच उचलतो. हे गणित कागदावर इतके सोपे दिसते की नवखा माणूस नावेच्या वेगाचीच चौकशी करत राहतो. प्रत्यक्षात ऐन उन्हाळ्यातल्या या शर्यतीतून माणसे बाहेर पडतात ती उकाड्याने, तळहातांवरच्या फोडांनी आणि यापुढे बसवत नाही म्हणून.

नावेबद्दल तक्रारीला जागा नाही. अठरा फूट लांब, जेमतेम बावीस इंच रुंद आणि फायबरग्लासची ही कयाक सरळ रेषा सोडत नसे, आणि वल्हे थांबवले तरी बराच वेळ घसरत राही. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने ९ फूट खोल आणि ३०० फूट रुंद जलमार्ग राखण्यासाठी काठापासून पात्रात शिरणाऱ्या दगडांच्या रांगा घातल्या आहेत. त्यांच्या टोकाशी प्रवाह एकाएकी जोर धरतो, पाठीमागे भोवरे फिरतात, आणि मधल्या धारेतही पाणी तळातून उकळी फुटल्यासारखे वर येऊन नावेचे नाक भलतीकडे वळवते. अशा ठिकाणी पायांनी चालणारे सुकाणू फार उपयोगी पडले. काही दुकाने सुकाणूऐवजी बुडातून खाली सरकणारे पाते असलेल्या नावा देतात; त्या पात्याच्या खाचेत वाळूच्या काठावर हमखास खडे अडकतात, त्यामुळे मिसुरीसाठी मी ती कोणालाही सुचवणार नाही. आमच्या सुकाणूच्या तारा नव्या होत्या, आणि उथळ पाण्यात ते उचलून घेण्याची दोरीही हाताशी होती.

आता बैठक. ती घट्ट प्लॅस्टिकची, नावेच्या अंगातच बसवलेली होती आणि तिची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला नेमकी रुतत असे. पहिल्या दिवशी वेव्हर्लीपर्यंतचे सुमारे ११८ किलोमीटर होईपर्यंत दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या होत्या, आणि काठावर उतरताना तिथे मदतीला आलेल्या माझ्या भाच्याने बगलेत हात घालून उभे केले नसते तर मी पाण्यातच बसलो असतो. त्याहून वाईट म्हणजे बैठकीच्या खोलगट भागाला पाणी निघून जायला छिद्र नव्हते. वल्ह्यावरून ओघळणारे पाणी तिथे साठते, त्यात घाम मिसळतो, आणि तासन्‌तास भिजलेली कातडी मग साध्या घर्षणानेही सोलवटते. भाच्याने तंबूत अंथरायची फोमची चटई कापून खाली घातली. तिने कड बोचायची थांबली, पण बावीस इंच रुंदीच्या नावेत माणूस इंचभर उंच बसला तरी तोल बदलतो, आणि भोवऱ्यांतून जाताना तो फरक कमरेला लगेच कळतो. म्हणून बैठकीची सोय शर्यतीत नव्हे, आधी सरावात करून घ्यावी लागते. आणि दुकानदाराने नाव आठवडाभर आधी दिली तरच ते शक्य आहे. आम्हाला ती आदल्या संध्याकाळी मिळाली.

पायांखालच्या पेडलांची गोष्टही अशीच आहे. पेडल ज्या रुळावर मागेपुढे सरकते, त्यात मिसुरीची बारीक वाळू जाऊन बसते. मग खटका पूर्ण बसत नाही आणि जोर लावला की पेडल एकेक खाच पुढे घसरते. पाय लांब गेला की कंबर वळत नाही, कंबर वळली नाही की सगळा भार खांद्यांवर येतो. नदीकाठच्या ग्लासगो गावाच्या थांब्यावर दात घासायच्या ब्रशाने रूळ घासून काढल्यावरच खटका नीट बसू लागला. दुकानाने दिलेल्या दुरुस्तीच्या पिशवीत सुकाणूची जादा तार होती, चिकटपट्टी होती, पण दोन रुपयांचा ब्रश नव्हता.

दिव्यांबाबत दुकानाची जाण मात्र वाखाणण्यासारखी आहे. सूर्यास्तानंतर पुढे लाल-हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो. पुढचा दिवा त्यांनी टोकाला इतका खाली बसवला होता की त्याचा उजेड नावेच्या पाठीवर, म्हणजे वरच्या झाकलेल्या भागावर, पडून डोळ्यांत येत नसे. डोक्यावरचा दिवा शक्यतो लावू नका, असेही त्यांनी बजावले होते. तो लावला की किड्यांचे थवे तोंडावर येतात आणि अंधाराला सरावलेली नजर जाते. रात्री जलमार्गाची खूण सांगणारे तरंगते लोखंडी बॉये दिसण्याआधी ऐकू येतात. त्यांच्यावर आपटणाऱ्या पाण्याचा सळसळाट जवळ येऊ लागला की बाजूला व्हायचे. प्रवाहाबरोबर जाताना लाल बॉये डावीकडे आणि हिरवे उजवीकडे राहतात, हे सांगणारी चिठ्ठी त्यांनी कयाकच्या पाठीवर, डोळ्यांसमोर चिकटवून दिली होती.

वल्हे सपाट पात्याचे होते. वक्र पात्याचे वल्हे वेगवान असते खरे, पण थकलेल्या हातांची चूक ते सोसत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर मुळेच्या संथ पाण्यात ज्यांचा हात तयार झाला आहे, त्यांनाही सपाट पातेच सोसेल. लाइफ जॅकेट साधेच, पण दोन मोठे खिसे असलेले होते, आणि मागच्या कप्प्यापर्यंत बसल्या जागेवरून हात पोहोचत नसल्याने शेंगदाण्याचे लाडू, मीठ आणि फोन यांची सारी व्यवस्था त्या खिशांतच लावावी लागली.

सेवेचा भाग सुखाचा होता. काव पॉइंटला कॅन्सस नदी मिसुरीला मिळते, तेथून एकट्याने वल्हवणाऱ्यांची सुरुवात सकाळी ७ वाजता आणि जोडीच्या नावांची त्यानंतर तासाभराने होते. दुकानाचा माणूस दोन्ही वेळांना काठावर हजर होता आणि इतरांच्या नावांचीही किरकोळ दुरुस्ती करून देत होता. जेफरसन सिटीच्या पुढे रात्री सुकाणूची तार सैल वाटली तेव्हा फोन दुसऱ्या घंटीला उचलला गेला आणि कोणता स्क्रू किती पिळायचा हे न कंटाळता सांगितले गेले. सेंट चार्ल्सला नाव परत घेताना त्यांनी बुडावरून बोटे फिरवून ओरखडे तपासले आणि अनामत पूर्ण परत दिली. बैठकीविषयी मी सांगितले ते त्यांनी वहीत उतरवून घेतले, पण छिद्र पाडून देण्याचे कबूल केले नाही. त्याने नावेची हमी रद्द होते, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढच्या खेपेस भाच्यासह जोडीची नाव याच दुकानातून घ्यायची आहे, आणि बैठकीच्या गाद्या आम्ही घरून नेणार आहोत.