घरच्या उजेडात टिपलेले लग्न : एका छायाचित्रणसेवेचा अनुभव

माझ्या भाचीचे लग्न माघात गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणातच झाले. फ्लॅश किंवा मोठे दिवे न लावता केवळ उपलब्ध उजेडात काम करणाऱ्या, आणि माणसांइतक्याच आस्थेने लग्नातल्या वस्तूंची स्थिरचित्रे टिपणाऱ्या दोन छायाचित्रकारांना आम्ही त्यासाठी बोलावले होते. अल्बम हाती आल्यावर तो घरातल्या सर्वांनी निवांतपणे पाहिला. सकाळपासून मंगलाष्टकांपर्यंतचे त्यांचे काम मला फार उच्च दर्जाचे वाटते. दिवेलागणीनंतरचे मात्र अपुरे आहे.

या पद्धतीत कॅमेऱ्याइतकेच महत्त्व जागेच्या पाहणीला असते, हे त्यांनी आदल्या दिवशीच दाखवून दिले. आमचा मांडव नारळाच्या झापांचा होता. झापांच्या फटींतून खाली कवडसे पडतात. डोळ्यांना ते सुखावतात, पण छायाचित्रात चेहऱ्यावर पांढरे डाग होऊन उमटतात. म्हणून त्यांनी बोहल्याच्या वर, झापांच्या खाली, पांढरे मांजरपाट ताणून बांधायला सांगितले, आणि त्यातून गाळून आलेला उजेड खालच्या सर्वांवर सारखा पसरला. कापड पांढरेच हवे, असा त्यांचा आग्रह होता. मंगल कार्यालयांत लाल किंवा गुलाबी छताखाली काढलेल्या छायाचित्रांत सगळ्यांचे चेहरे तांबूस का दिसतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला. बोहल्याची दिशा गुरुजींनी ठरवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. उत्तरेकडची कनात तेवढी वर गुंडाळून ठेवायला सांगितली. माघात आपल्याकडे सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या मोकळ्या बाजूने थेट ऊन न येता केवळ आकाशाचा शांत उजेड येत राहिला.

अल्बममधला सर्वांत श्रेष्ठ भाग गौरीहराचा आहे. माजघराला एकच गजाची खिडकी आहे. तिथली ट्यूबलाइट त्यांनी मालवायला लावली, कारण केल्व्हिन या उजेडाच्या रंगाच्या मापात (आकडा मोठा तर उजेड निळसर, लहान तर पिवळा) दिवसाचा उजेड साधारण ५,५०० केल्व्हिनचा आणि समईच्या ज्योतीचा जेमतेम १,९०० केल्व्हिनच्या आसपासचा असतो. या दोहोंत ट्यूबलाइटचा हिरवट रंग मिसळला, तर त्वचेचा खरा रंग हाती लागत नाही. खिडकीकडून येणारा निळसर उजेड नवरीच्या एका गालावर आणि समईचा पिवळा दुसऱ्या गालावर, असे जे छायाचित्र त्यातून निघाले, ते पाहताना सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांच्या, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात असलेल्या, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्राची आठवण झाली. त्याच खोलीतले दुसरे छायाचित्र फक्त हातांचे आहे. हिरवा चुडा, बोटांतून सुटणारे तांदूळ, चांदीची अन्नपूर्णा आणि तिच्यापुढे हळदीकुंकवाचे करंडे, एवढेच त्यात आहे. पूजेची मांडणी जशी होती तशीच त्यांनी टिपली. एकही वस्तू सरकवली नाही, याबद्दल मला त्यांचे विशेष आभार मानायचे आहेत.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला वस्तूंचा समूह समोर ठेवून चित्र काढण्याचा सराव असतो. छाया कुठे पडते, धातूवर उजेड कसा चकाकतो आणि कापडाच्या घडीत तो कसा मुरतो, हे तिथेच डोळ्यांना कळू लागते. लग्नघर तर अशा समूहांनी भरलेले असते. सप्तपदीसाठी मांडलेल्या तांदळाच्या सात राशी, ओटीचे सूप, नारळावर ठेवलेले खण, विड्यांचे तबक, पाटावर घडी करून ठेवलेला शेला या सगळ्यांची मांडणी घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली असते. रुखवताच्या छायाचित्रांत हे सर्वांत चांगले उतरले आहे. माझ्या वहिनीच्या आईने सुपाऱ्यांची वऱ्हाडी मंडळी केली होती. पडवीतल्या तिरप्या सकाळच्या उन्हात त्या बाहुल्यांच्या लांब सावल्या पडल्या, आणि चिरोट्यांचे पदर तर मोजता यावेत इतके स्वच्छ दिसतात. ज्या हातांनी हे सारे घडवले, त्यांची दखल लग्नाच्या अल्बममध्ये अशी क्वचितच घेतली जाते.

जिथे त्यांनी स्वतः मांडणी केली, तिथे मात्र काम फिके पडले. वाळलेल्या पानांवर ठेवलेले मंगळसूत्र, अत्तराच्या कुपीशेजारी वराचे घड्याळ, पत्रिकेवर विखुरलेल्या पाकळ्या ही छायाचित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली, तरी ती कोणत्याही घरच्या लग्नाची असू शकली असती. अशी सात-आठ पाने अल्बममधून वगळून त्या जागी स्वयंपाकघरातली दोन पाने वाढवावीत, असे मी त्यांना कळवले आणि त्यांनी ते मनापासून मान्य केले.

अंतरपाटाची छायाचित्रे पाहताना उजेडाची एक खुबी लक्षात आली. शुभ्र अंतरपाट दोघांच्या मध्ये धरलेला असतो, तेव्हा उत्तरेकडून येणारा उजेड त्यावरून परतून दोन्ही चेहऱ्यांवर पडतो. मंगलाष्टके चालू असताना वधूच्या खाली झुकलेल्या डोळ्यांतही त्यामुळे सावली साचलेली नाही, मुंडावळ्यांचा प्रत्येक मोती वेगळा दिसतो. कुंकवाने रेखलेल्या स्वस्तिकाची लाली कापडातून आरपार उमटलेली एका छायाचित्रात दिसते. अंतरपाट दूर झाल्याच्या क्षणी हवेतच थबकलेल्या अक्षताही त्यांनी नेमक्या पकडल्या आहेत.

सूर्य मावळल्यावर हे सारे बदलले. साडेसहानंतर अंगणात फक्त मांडवाच्या माळा आणि समया उरल्या. सूनमुख आणि झाल यांच्या छायाचित्रांत काळोखाचे दाणे उठलेले आहेत, आणि लाजाहोमाला मावळतीपर्यंत उशीर झाल्याने पावले हललेली आली आहेत. झालीतल्या दिव्यांचे एक छायाचित्र अपवाद आहे, कारण तिथे ज्योती चेहऱ्यांच्या अगदी जवळ होत्या. याहून मोठी उणीव नातेवाइकांच्या छायाचित्रांची आहे. साडेचारशे छायाचित्रांत व्याह्यांच्या बाजूच्या कित्येक वडीलधाऱ्यांचे एकही स्वतंत्र छायाचित्र नाही. रांगेत उभे करून समूहछायाचित्रे काढणे त्यांच्या शैलीत बसत नसेलही, पण दूरवरून आलेल्या आजोबांना आपले छायाचित्र अल्बममध्ये हवे असते आणि ती अपेक्षा रास्त आहे.

दर नेहमीच्या छायाचित्रकारांपेक्षा बराच जास्त आहे. छपाई बिनचकाकीच्या जाड कागदावर केलेली असल्याने काळ्या-करड्या छटा सुरेख उतरल्या आहेत. घरच्या अंगणात किंवा वाड्याच्या चौकात सकाळचा मुहूर्त असेल, तर या दोघांना जरूर बोलवावे. गोरज मुहूर्त असेल, किंवा बंदिस्त सभागृह असेल, तर संध्याकाळसाठी दिवे लावणारा दुसरा छायाचित्रकार सोबत ठेवण्याचे आधीच ठरवून घ्यावे, आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांची यादी त्यांच्या हाती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी द्यावी.