दोन चांदीच्या नाण्यांची लाठी: नव्या फायटरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या शनिवारी खेळ ऐन रंगात असताना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून आपापल्या पात्राची भूमिका वठवण्याच्या खेळाच्या २०२४ च्या नियमपुस्तकातील (प्लेअर्स हँडबुक) फायटर या लढवय्या पात्रप्रकाराची पाने शिलाईतून सुटून हातात आली. परतीची मुदत संपल्याचे सांगून विक्रेत्याने हात वर केले, तेव्हा निदान त्या पानांवरच्या मजकुराने तरी पैसे वसूल झाले का, याचा हिशेब मांडावासा वाटला.

बडोद्यात दांडिया बाजारातील मावशींच्या घरी आम्ही दर शनिवारी बसतो. मावसभाऊ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, असतो आणि माझा चॅम्पियन (फायटरचा एक उपप्रकार) पहिल्या लेव्हलपासून आता नवव्या लेव्हलला पोहोचला आहे. त्याच्या हातात तलवार नसून क्वार्टरस्टाफ, म्हणजे आपली लाठी आहे. आमच्या आजोबांनी बडोद्यातल्याच माणिकरावांच्या आखाड्यात लाठी फिरवली होती, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की यादीत तिची किंमत अवघी २ चांदीची नाणी आहे आणि खेळातले पैसे खर्च करतानाही माझा हात आखडतो.

या लाठीला ‘टॉपल’ ही मास्टरी (वेपन मास्टरी), म्हणजे त्या शस्त्राची खास करामत, आहे. फटका बसला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणावर बचावाचा फासा, टाकायचा, आणि तो हुकला की आडवे व्हायचे. नियमात आकाराची अट नसल्यामुळे दोन नाण्यांच्या लाठीने राक्षसही पडतो, याचा सुरुवातीला मला कोण आनंद झाला होता! पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळाले आणि तोच आनंद डोकेदुखी झाला. ॲक्शन सर्ज, म्हणजे एकाच पाळीत जादा कृती करण्याची क्षमता, वापरली की चार फटके, चार सेव्ह आणि दर वेळी डीएमची बेरीज होईपर्यंत सगळ्यांचा खोळंबा. शिवाय पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून वार करणाऱ्याला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतो, तर लांबून बाण मारणाऱ्याच्या वाट्याला डिसॲडव्हान्टेज (दोहोंतला लहान आकडा) येतो, त्यामुळे धनुर्धारी भाची एकदा चिडून म्हणाली, “मामा, माझा बाण सुटेपर्यंत तरी त्याला उभं राहू दे ना!”

त्या रात्री नियम पुन्हा वाचला, तेव्हा सेव्ह करायला लावणे ऐच्छिक असल्याचे लक्षात आले. चूक पुस्तकाइतकीच माझ्या हावरटपणाचीही होती. आता मी डॅमेजचे, म्हणजे इजेचे, फासे टाकतो तेव्हाच मावसभाऊ सेव्हचा फासा टाकतो, आणि नवव्या लेव्हलच्या टॅक्टिकल मास्टर या क्षमतेमुळे टॉपलऐवजी पुश (मागे ढकलणे), सॅप (शत्रूचा पुढचा हल्ला कमजोर करणे) किंवा स्लो (वेग कमी करणे) वापरता येत असल्याने भाचीची पाळी जवळ आली की मी सॅपवर भागवतो. एक तक्रार मात्र कायम आहे. आमच्या वहिनी खेळतात त्या बॅटल मास्टर या फायटरच्या दुसऱ्या उपप्रकाराला याच कामासाठी ट्रिप अटॅक या डावपेचात सुपिरिऑरिटी डाइस, म्हणजे मोजक्या खास फाशांपैकी एक, खर्चावा लागतो आणि तिथे ‘लार्ज’ या आकारापेक्षा मोठा शत्रू पडतच नाही. अधिकचे डॅमेज मिळते हे खरे, तरी वहिनींनी सातव्या लेव्हलला तो डावपेच बदलून टाकला.

ज्याकडे मी वाचताना ढुंकूनही पाहिले नव्हते, तो टॅक्टिकल माइंड, म्हणजे हुकलेल्या प्रयत्नाला आणखी एका फाशाची जोड देण्याचा गुण, खरा कामाचा निघाला. २०१४ च्या पुस्तकातील फायटर लढाई संपली की कोपऱ्यात बसून राही. परवा नाकेदाराची समजूत घालताना डीसी (गाठायचा आकडा) १५ होता आणि माझी बेरीज ९ वर अडकली होती. सेकंड विंड या एरवी जखमा भरून काढणाऱ्या क्षमतेचा एक वापर लावून दहा बाजूंचा फासा टाकला, ७ आले आणि फाटक उघडले. एवढे करूनही अपयश आले असते, तर तो वापर खर्चीच पडला नसता. औषध लागू पडले नाही तर पैसे परत, अशी ही सोय आहे.

चॅम्पियन आणि वेपन मास्टरी हे दोन्ही एप्रिल २०२५ मध्ये मोफत खुल्या झालेल्या नियमांत आहेत, हे मला पुस्तक घेऊन झाल्यावर कळले. म्हणजे माझ्या लाठीवाल्यासाठी एक रुपयाही खर्चायची गरज नव्हती. बॅटल मास्टर, एल्ड्रिच नाइट किंवा साय वॉरियर यांपैकी एखादा उपप्रकार हवा असेल, तरच पुस्तक घ्यावे. वहिनींना ते लागतेच, म्हणून सुटलेली पाने सध्या त्यांच्या फाइलमध्ये आहेत.