कोंबडी हाताला यायला हवी, तर पिल्लू आणावं की तलंग?

गोराई, मनोरी, मढ किंवा मरोळ-कुर्ल्याच्या एखाद्या गावठाणात घरामागे चार कोंबड्यांपुरती जागा असली की जो तो जात कोणती घेऊ म्हणून विचारतो. जातीचं नंतर बघता येतं. आधी वय ठरवा. एका दिवसाची पिल्लं आणून वाढवायची, की तीन-चार महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या माद्या, आणायच्या? अंडी दोन्हीकडून मिळतील. पण तिन्हीसांजेला खुराड्यात घालताना अख्ख्या आळीतून कोंबडीमागे धावायचं नसेल, तर कोणती वाट धरता याला महत्त्व आहे.

माणसाळण्याच्या बाबतीत पिल्लू केव्हाही सरस. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस त्याला कशाचीच धड भीती नसते. त्या दिवसांत माणसाचा हात, आवाज, वास रोज जवळ असला की ते त्याच्या जगाचाच भाग होऊन बसतात. वरून झडप घालून उचलू नका. तळहात जमिनीला टेकवून ठेवा, पिल्लं आपणहून चढतात.

मात्र हे लाड महागात पडतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. मे महिन्यात मुंबईत दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो, रात्री मात्र हवा. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघणं बरं: बल्बखाली एकमेकांवर चढून गठ्ठा झाला तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघड्या टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहिला की रक्ती हगवण हमखास येते. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पहिल्याच आठवड्यात द्यावी लागते आणि कुपी मिळते ती मोठ्या कळपाच्या हिशोबाने. चार पिल्लांसाठी ती फोडायची आणि उरलेली फेकायची.

त्याहून मोठी गोम म्हणजे नर-मादी न निवडता घेतलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघतात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही आणि पहाटे चारला आरवणारा कोंबडा शेजारधर्म टिकू देत नाही. त्यातून हातावर वाढलेला कोंबडा वयात आला की माणसाला न भिता थेट पायांवर झेप घेतो, हेही पुष्कळदा होतं. हातगाडीवरची गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं तर मुलांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नका. ती बहुधा हॅचरीने टाकून दिलेले नरच असतात.

तलंगेचं सगळं उलट. मादी आहे हे दिसतंय, लसी झाल्यात की नाही हे विकणाऱ्याला विचारता येतं, आणि पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. पण ती बुजरीच येते. माणूस म्हणजे पाय धरून उलटं लटकवणारा, एवढीच तिची आजवरची ओळख.

अशी तलंग दिवसा पाठलाग करून पकडली तर केलेली मेहनत पाण्यात जाते. घारीचं भय तिच्या रक्तात आहे, आणि मुंबईच्या आभाळात घारींना तोटा नाही. डोक्यावरून येणारा हात तिला घारीसारखाच वाटतो. पहिला आठवडाभर खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर कुठलं ते कळतं. रोज त्याच वेळी, तीच हाक घालत, उकिडवं बसून तांदळाची कणी समोर टाका. दुसरीकडे बघत राहा, टक लावून नको. मग कणी हळूहळू आपल्या पायांजवळ, मग तळहातावर. एखादी धीट निघाली की बाकीच्या तिच्या मागून येतात, म्हणून एकाच कळपातल्या तीन-चार आणाव्यात.

उचलायचं शिकायचं ते रात्री. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, दांडीवर बसलेली शांतपणे हाती येते. एक तळवा छातीखाली, पाय बोटांच्या बेचक्यात, पंख आपल्या अंगाशी दाबून. दोन मिनिटं धरा आणि परत दांडीवर बसवा. उताणी केल्यावर ती निपचित पडते, त्याला माणसाळणं समजू नका. ती भीतीने थिजलेली असते. अंड्यावर आली की एक गंमत दिसते: जवळ गेलात की ती पंख किंचित पसरून जमिनीला दबून बसते. कोंबड्यासमोर बसावं तशी. हात लावायला याहून सोपी वेळ नाही. एवढं करूनही एखादी शेवटपर्यंत हातभर अंतर राखूनच राहते. राहू द्यावी.

जातीबद्दल थोडक्यात: ऱ्होड आयलंड रेड शांत, व्हाइट लेगहॉर्न जरा खुट्ट झालं की भिंतीवर, गावठी आणि कडकनाथ चपळ, उडायला पटाईत. आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे; सुधारित जातीची पिल्लं हवी असतील तर आधी तिथे चौकशी करा.

माझं मत विचाराल तर, घरात दिवसभर कुणी असेल, आजी-आजोबा, सुट्टीतली मुलं, आणि पिल्लांतले जे नर निघतील त्यांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल, तरच पिल्लं आणा. मुलांना हात साबणाने धुवायला लावा. कोंबडी दिसायला धडधाकट असली तरी तिच्यातून साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू येऊ शकतो. सकाळची लोकल पकडणाऱ्याने मात्र तलंगाच घ्याव्यात. जरा कमी लाडिक कोंबडी चालते, बल्बखाली दुपारी एकट्या पडलेल्या पिल्लांचं चालत नाही.

पिल्लं पावसाच्या तोंडावर आणू नयेत, आणि तलंगा दिवाळीच्या. नव्या जागेत, नव्या माणसांत असताना फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या की त्या जाळीवर धडका घेतात आणि तुम्ही धरलेला धीर पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. भाऊबीज उरकू द्या, मग आणा.