कीलेस गाडी: फॅरडे पाऊच घ्यावा की स्टिअरिंग लॉक?

इंग्लंडात बऱ्याच घरांत किल्ल्या दाराजवळच टाकलेल्या असतात आणि कीलेस, म्हणजे किल्ली नुसती जवळ असली की उघडणाऱ्या, गाडीच्या चोराला नेमकं तेच हवं असतं. एकजण अँटेना घेऊन दाराशी, दुसरा गाडीजवळ, गाडीचा सिग्नल लांबवून किल्लीपर्यंत नेतात, गाडीला वाटतं मालकच आला, दार उघडतं, इंजिनही चालू, काच फोडायची भानगडच नाही. हीच रिले चोरी.

यावर फॅरडे पाऊच, म्हणजे किल्ली ठेवायची छोटी पिशवी, स्वस्तात मिळतो, आत धातूचं अस्तर असतं म्हणून सिग्नल अडतो. पण रोज किल्ली आतबाहेर करून अस्तर विरतं आणि वरून काही कळत नाही, म्हणून अधूनमधून किल्ली पाऊचमध्येच ठेवून गाडीचं हँडल ओढून बघा, उघडलं तर पाऊच बाद. आणि स्पेअर किल्ली ड्रॉवरमध्ये तशीच उघडी, हे तर घरोघरी!

स्टिअरिंग लॉक, म्हणजे स्टिअरिंगला वरून लावायचं कुलूप, महाग, जड, रोज लावायचा कंटाळा. पण पाऊच फक्त रिले चोरी थांबवतो, ओबीडी पोर्टमधून (गाडीतला बिघाड तपासायचं सॉकेट) नवी किल्ली प्रोग्रॅम केली किंवा हेडलाइटच्या वायरिंगमधून कॅन बसमध्ये (गाडीच्या आतलं इलेक्ट्रॉनिक जाळं) घुसले तर तो बिचारा काय करणार, लॉक मात्र तिथेही आडवा येतो. कटरने तोडतात, मान्य, पण आवाज होतो, वेळ जातो. घ्यायचाच तर अख्खं स्टिअरिंग झाकणारा, सोल्ड सिक्युअर (कुलपं तपासून प्रमाणित करणारी ब्रिटिश संस्था) रेटिंगवाला घ्या, नुसत्या दांड्याचा असेल तर चोर सरळ स्टिअरिंगचं कडंच कापतो.

माझं विचाराल तर गाडी लांब रस्त्यावर लावत असाल तर आधी लॉक, घराला चिकटून ड्राइव्हवेवर असेल तर पाऊच आजच, लॉक पगार झाल्यावर.