‘इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी खास’ म्हणून गळ्यात मारलेला अँप

५० टक्के आगाऊ, ३० टक्के माल निघताना, २० टक्के पोचल्यावर. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसाठी (यात शंकूऐवजी विजेच्या ताणाने हलणारा मोठा पातळ पडदा, म्हणजे पॅनल, वाजतं) घेतलेल्या अँप्लिफायरचे तिन्ही हप्ते वेळेवर गेले आणि हातात पडला २०० वॅटचं लेबल लावलेला अँप, आत १६० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॅटच) एकच ट्रान्सफॉर्मर. त्यातून दोन चॅनलना सलग २००-२०० वॅट मिळणं अशक्य. सोबत १५ इंची पोर्टेड सब, म्हणजे पेटीला हवेसाठी भोक असलेला, खालचे स्वर वाजवणारा सबवूफर. ‘शेवटचा नग’, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ वगैरे नेहमीचंच.

जीव जळतो तो डेमोतल्या अर्ध्या सेकंदाने. झांजांचा जोरकस भाग आला, आवाज तुटला, प्रोटेक्शनचा लाल दिवा लागून विझला. विक्रेता म्हणाला, “पॅनल अजून चार्ज झालं नाही.” अर्धसत्य होतं म्हणूनच पटलं. बायस, म्हणजे पॅनलवरचं कायमचं उच्च व्होल्टेज, चढायला वेळ लागतो हे खरं. पण अर्धवट चार्ज झालेलं पॅनल नुसतं हळू वाजतं, त्याने अँपचा दिवा लागत नाही. दिवा लागला तो करंट न झेपल्यामुळे. पॅनल म्हणजे कपॅसिटर, स्वर उंच होईल तसा त्याचा रोध घटतो आणि करंट वाढतो. व्होल्टेज वाढवणाऱ्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरमधून अँपला ४ मायक्रोफॅरड दिसत असतील, तर २ किलोहर्ट्झला २० ओहम आणि २० किलोहर्ट्झला जेमतेम २ ओहम. हे गणित पाठ होतं, तरी तिथे तोंड उघडलं नाही.

अँपच्या कागदावरही लिहिलेलंच होतं: ८ ओहमला २०० वॅट, ४ ओहमला २१०. पॉवर सप्लाय दमदार असता तर रोध निम्मा झाल्यावर दुसरा आकडा चारशेच्या जवळ गेला असता. २ ओहमचा रकानाच नव्हता. पण क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर ईएसएल-५७ पंधरा वॅटच्या व्हॉल्व्ह अँपवरही छान वाजतो, म्हणून नुसत्या वॅटवरून संशय घेतला नाही. ‘वॅट नाही, करंट बघा’ हे तर विक्रेताच सांगत होता, आणि ते बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्याचा खोटेपणा कसा ओळखायचा?

सबचंही तेच. पॅनल पुढे-मागे दोन्हीकडे हवा ढकलतं, खालचे स्वर एकमेकांना खोडतात, म्हणून सब लागतोच. पण बंद पेटीचा घ्या, शक्यतो दोन. पोर्टेड सब ट्यूनिंगच्या आसपास उशिरा थांबतो आणि चपळ पॅनलशेजारी ते लगेच कळतं. याला हाय-पास आउटपुटही (खालचे स्वर गाळून बाकीचेच पॅनलच्या अँपकडे पाठवणारं) नव्हतं, म्हणजे सगळा बेस पॅनलवरच आदळणार. उंच पॅनलचा आवाज अंतराने सबपेक्षा कमी घटतो, तेव्हा लेव्हल बसायच्या जागेवरूनच लावा.

तक्रार कक्षात चार खेपा झाल्या. पहिल्यांदा, “आवाज येतो ना?” मग, “लेबलवर २०० लिहिलंय, खोटं कसं?” तिसऱ्यांदा मोजमाप मागितलं. ८ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) दोन्ही चॅनल चालवून मोजलं, ५२ वॅटला क्लिपिंग, म्हणजे लाटेचे माथे कापले जाऊ लागले. चौथ्यांदा, “मोजणारा मान्यताप्राप्त नाही, आणि झाकण उघडल्याने वॉरंटी गेली.” झाकण न उघडता ट्रान्सफॉर्मर दिसणार कसा? पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली, मग फसवणूक नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. खोट्या लेबलचा जाब विचारणं यातल्या एकाचंही काम नाही?

डेमो स्वतःच्याच पॅनलवर घ्या, झांजा मोठ्या आवाजात वाजवा. ‘सीरिजमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकून देतो’ असं विक्रेता म्हणाला तर समजा, अँप डगमगतोय. शिवाय वर सांगितलेल्या लोडवर २० किलोहर्ट्झला सुमारे १ डेसिबल जातो. अँप क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) असेल तर त्याचा आउटपुट फिल्टर कपॅसिटिव्ह लोडवर कसा वागतो ते लेखी मागा. आणि शेवटचे २० टक्के चाचणी होईपर्यंत सोडू नका. इथे ते खोका उघडण्याआधीच गेले होते.