‘बोर्ड तुम्ही बनवा, विकत आम्ही घेतो’: लाइट बोर्डाच्या कोर्समधली फसवणूक

‘एलईडी साइन बोर्ड बनवायला शिका, घरबसल्या महिना ४० हजार कमवा, तयार माल कंपनीच विकत घेईल.’ ही जाहिरात सांगली, सातारा, सोलापूर भागात पुष्कळांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. असल्याच एका जाहिरातीपायी माझे २ लाख ३ हजार ५०० रुपये गेले, त्यातले दीड लाख मुद्रा कर्जाचे. फर्मचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय त्यांनी त्या नावाची पाटी कधीच उतरवली आहे. पद्धत मात्र तीच राहणार, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, हे माझं काम. फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवायचं काम आटत गेलं. पण अक्षर हातात होतं. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त होऊन राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि बोर्डाच्या कामाला एकदम उठाव आला. गिऱ्हाईक विचारायचं, ‘पेंटर, लाइटचा बोर्ड करून देता का?’ मला तो करता येत नव्हता आणि आमच्या तालुक्यात शिकवणारंही कोणी नव्हतं. या कोर्सवाल्यांचं सावज हेच: हातात कला आहे, समोर गिऱ्हाईक आहे, फक्त मधली विद्या नाही, अशी माणसं. वर्गात माझ्यासोबत बसलेल्यांत दोन वेल्डर, एक वायरमन आणि लेथवरची नोकरी सुटलेला एक पोरगा होता. आळशी किंवा लोभी त्यात कोणी नव्हतं. अशा फसवणुकीची बातमी आली की लोक लगेच ‘हाव नडली’ म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

कोर्स पुण्याच्या उपनगरात, आठवडाभराचा, फी १५ हजार. पहिला दिवस भाषणात गेला. पुढे आमच्यापुढे तयार चौकटी ठेवल्या. पाइप कापलेला, वेल्डिंग झालेलं, एसीपी शीट (ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे लावलेली प्लास्टिकची शीट) घडी घालून बसवलेली. आम्ही फक्त मॉड्यूल, म्हणजे एलईडी बसवलेले छोटे तुकडे, चिकटवायचे, लाल तारेला लाल, काळीला काळी जोडायची, पुढून दुधी ॲक्रिलिक सरकवायचं आणि बटण दाबायचं. बोर्ड उजळला की टाळ्या, फोटो, आणि तो फोटो लगेच त्यांच्या ग्रुपवर. बॉक्सची खोली किती ठेवायची, त्यावरून मॉड्यूलमधलं अंतर कसं ठरतं, हे कोणी सांगितलं नाही. ४ इंच खोल बॉक्समध्ये मॉड्यूल साधारण ४ इंचांवर लागतात. अंतर वाढवलं की ॲक्रिलिकवर उजेडाचे ठिपके उठतात आणि मधे काळोख राहतो. त्यांच्या नमुन्यात खोली ३ इंच आणि अंतर ६ इंच होतं. वर्गात ट्यूबलाइटच्या उजेडात ते झाकून जायचं.

थ्रीडी, म्हणजे बाहेर उठून दिसणाऱ्या, अक्षरांचा तास तर पूर्ण इंग्रजी अक्षरांवर झाला. इंग्रजी अक्षर सुटं असतं, एकेक वाकवून बसवता येतं. मराठीत शिरोरेखेने अख्खा शब्द जोडलेला. कडेची पट्टी त्या सगळ्या वळणांतून फिरवावी लागते, आणि अनुस्वार, चंद्रबिंदी सुटी पडतात, त्यांना आतून वेगळी वायर न्यावी लागते. मी हे विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘दादा, ते ॲडव्हान्सला येईल.’ मराठी पाट्यांच्या कायद्याचं नाव घेऊन ज्यांनी आम्हाला बोलावलं, त्यांच्याकडे मराठी अक्षर कसं घडवायचं याचं उत्तर नव्हतं.

शेवटच्या दिवशी किटचा विषय निघाला. किंमत १ लाख ८५ हजार. त्यात पट्टी वाकवायचं हातयंत्र, एलईडी मॉड्यूल, एसएमपीएस (लाइनच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा), ॲक्रिलिक आणि ‘फ्रँचायझी’. पैसे नाहीत म्हटलं तर कर्जाची फाइल तेच करून देतात, कोटेशन त्यांचंच, आणि बँक रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात टाकते. म्हणजे पैसा आपल्या हाताला लागतच नाही, हप्ता मात्र आपल्या नावावर. उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, म्हणून आणखी ३,५०० घेतले. ही नोंदणी सरकारच्या पोर्टलवर फुकट होते, एक रुपयाही लागत नाही.

करार ५०० च्या स्टॅम्पवर. त्यातलं एकच कलम मोठ्याने वाचून दाखवलं: तयार बोर्ड कंपनी ४५० रुपये चौरस फुटाने घेईल. ८ बाय ३ चा बोर्ड २४ चौरस फूट, म्हणजे १०,८०० रुपये. हा हिशोब फळ्यावर लिहून ठेवला होता. बाकीची पानं ‘नेहमीचीच’ म्हणून उलटली. त्या पानांत खरा डाव होता. दर्जा योग्य की अयोग्य, हे ठरवायचा अधिकार फक्त कंपनीचा. जाण्यायेण्याचं भाडं बनवणाऱ्याकडे. तीन खेपा नापास झाल्या की करार आपोआप रद्द, भरलेली रक्कम परत नाही. वाद झाला तर पुण्याच्याच कोर्टात.

मग ठरल्यासारखंच झालं. पहिली खेप ‘उजेड एकसारखा नाही’ म्हणून परत, दुसरी ‘फिनिशिंग’ म्हणून. तिसऱ्या खेपेला मी टेम्पोबरोबर स्वतः गेलो. माल उतरवलासुद्धा नाही, गोदामाच्या दारातच नापासाचा कागद दिला, आणि तो आधीच छापलेला होता. ग्रुपवर प्रश्न टाकला की काढून टाकायचे. पुढे कार्यालयाला कुलूप लागलं.

नापास बोर्ड घेऊन मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या फॅब्रिकेटरकडे गेलो. मिस्त्रींनी बोर्ड पाहण्याआधी एसएमपीएस उचलून पाहिला. ‘पेंटर, हातात तोलून बघा. ४०० वॅटचा इतका हलका असतो व्हय?’ लेबलवर १२ व्होल्ट, ३३ अँपिअर. मीटर लावून लोड वाढवत नेला, तर १५ अँपिअरच्या पुढे व्होल्टेज ९ वर आलं. मॉड्यूल दीड वॅटचे म्हणून विकले होते. तसे २० मॉड्यूल १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घ्यायला हवेत, ते सव्वा अँपिअर घेत होते. म्हणजे त्यांनी दिलेल्या मालातून एकसारखा उजेड निघणारच नव्हता, आणि तेच कारण दाखवून ते माल नापास करत होते. नंतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, भाव काढला. यंत्रासकट सगळं किट ४५ हजारांच्या आत येत होतं.

पैसे गेले याचं दुःख आहेच. पण मिस्त्रींनी बॉक्स उघडून पुढे जे दाखवलं, त्याने मी जास्त हादरलो. एसएमपीएस जाळीचा, पाऊस न सोसणारा, आणि तो बॉक्सच्या तळाशी, जिथे पाणी साचतं तिथेच बसवायला शिकवलेलं. तळाला पाणी निघायला भोकं नाहीत. चौकटीला अर्थिंगची वायर नाही. एसीपी जागच्या जागी ठेवायला रिव्हेट नव्हते, दुहेरी चिकटपट्टी होती. भिंतीवर चढवण्याबद्दल वर्गात एवढंच सांगितलं होतं: ‘ड्रिल मारा, स्क्रू घट्ट करा.’ स्क्रू प्लास्टरला धरतो की विटेला, फास्टनर बीममध्ये गेला पाहिजे, शटरच्या पत्र्यावर वजन टाकायचं नाही, यातलं काही नाही.

आमच्या वर्गातल्या वायरमनने याच किटचा एक बोर्ड गावातल्या औषधाच्या दुकानावर चढवला होता. पहिल्याच वळवाच्या पावसात पाणी आत गेलं आणि शटरमध्ये करंट उतरला. सकाळी दुकान उघडायला आलेला कामगार फेकला गेला. तो वाचला, कारण पायात रबरी चप्पल होती आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने मेन स्विच पाडला. त्या वायरमनला रात्री झोप येत नाही. त्याने जे शिकवलं ते केलं, पैसे मोजून शिकला, आणि त्याच्या हातून एखादा जीव गेला असता. बोर्ड माणसांच्या डोक्यावर टांगायची वस्तू आहे. ती विद्या अर्धवट विकणाऱ्याला मी नुसता भामटा म्हणायला तयार नाही, त्याचा गुन्हा त्याहून मोठा आहे.

मिस्त्रींच्या बोर्डात एसएमपीएस पावसाचा आणि तळापासून उचललेला असतो, त्यावर लोड ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही, वायर खालून वळसा देऊन आत येते म्हणजे पाणी तिच्यावरून आत ओघळत नाही, चौकट अर्थ केलेली असते, आणि दुकानाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे का हे ते आधी विचारतात. नसेल तर बोर्ड चढवत नाहीत. गिऱ्हाईक रागावलं तरी चढवत नाहीत. महापालिका हद्दीत लाइटच्या बोर्डाला परवाना लागतो का, हे दुकानदाराने तपासलं की नाही, हेही विचारतात. आमच्या कोर्सात परवाना हा शब्दच आला नव्हता.

कोर्स निवडताना काय पाहावं, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर जाऊ नका. ‘एमएसएमई मान्यताप्राप्त’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, आणि ते जवळपास कोणत्याही छोट्या धंद्याला मिळतं. त्यात शिकवण्याची मान्यता नसते. आयएसओचा कागदही तसाच. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या बोर्डांचे फोटो दाखवले तर दुकान कुठल्या गावात आहे ते विचारा आणि जाऊन पाहा. आमच्या ग्रुपवर ‘सांगलीच्या विद्यार्थ्याचं काम’ म्हणून आलेल्या फोटोत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते, आणि तोच बोर्ड पुढे नागपूरच्या विद्यार्थ्याच्या नावावरही फिरला. विकत घेण्याची हमी देणाऱ्याला एकच विचारा: मागच्या महिन्यात कोणाकडून घेतलंत, त्याचा फोन लावून द्या. आणि किट घ्यायची वेळ आली तर बाजारातून आणखी दोन कोटेशनं आणा, मगच बँकेची फाइल पुढे जाऊ द्या.

मी पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातही दावा केला. समोरून उत्तर आलं की हा व्यापारी व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक नाही. ते ऐकून आमच्यातले दोघे घरी बसले होते. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरली जात नाही. यंत्र मी स्वतः चालवतो, नोकर ठेवलेला नाही, हे मी शपथपत्रात लिहून दिलं. ‘पुण्याच्याच कोर्टात’ या कलमालाही घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

ज्यांनी अशा कोर्सला पैसे भरले, त्यांनी आधी तारखा काढा, कारण आयोगात तक्रार साधारण दोन वर्षांच्या आत करावी लागते. फीची पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँकेला दिलेलं कोटेशन, कराराची सगळी पानं, नापासाचा कागद, टेम्पोच्या भाड्याची चिठ्ठी, हे सगळं एका फाइलला लावा. ग्रुपमधून काढण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा. किटमधला एसएमपीएस आणि मॉड्यूल टाकून देऊ नका, दुरुस्तही करू नका. लेबलासकट तसेच ठेवा, तपासणीला ते लागतात.