वर्डप्रेसवरून ड्रुपलवर: काही महिने वापरल्यानंतर, आणि पट्ट्यावरच्या क्यूआरबद्दल बरंच काही

हे लिहायचं राहूनच गेलं असतं, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री भुरी सुटली. भुरी म्हणजे आमच्याकडे फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरती) राहून गेलेली इंडी, म्हणजे देशी कुत्री. आता कर्वेनगरला एका कुटुंबात असते. समोरच्या सोसायटीत मोठी माळ लागली, त्याच वेळी कुणीतरी दार उघडलं, आणि ती जी पळाली ती वारज्याच्या दिशेने. उशिरा मला एका अनोळखी काकांचा फोन आला. "ताई, तुमचं कुत्रं आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरमागे बसलंय. थरथरतंय, पण चावत नाही. पट्ट्यावरचा तो चौकोन स्कॅन केला तर तुमचा नंबर आला."

तो क्यूआर मी बिल्ल्यावर छापून घेतला तेव्हा आमची साइट वर्डप्रेसवर होती. आता ती ड्रुपलवर आहे. दोन्ही वेबसाइट बनवायच्या आणि सांभाळायच्या सिस्टिम. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) बदललं, डेटाबेस बदलला, सगळी पानं नव्याने उभी राहिली, तरी तो जुना वेब-पत्ता, म्हणजे लिंक, थेट भुरीच्या पानावर गेला. साइट हलवल्यावर लोक वेगाबद्दल आणि थीमबद्दल लिहितात. मी मुख्यतः पत्त्यांबद्दल लिहिणार आहे, कारण या सगळ्या महिन्यांत माझ्या दृष्टीने तीच एक गोष्ट महत्त्वाची ठरली.

थोडी पार्श्वभूमी. मी धायरीत राहते, घरून वेबसाइटची कामं करते, आणि घरात कायम एक-दोन फॉस्टर कुत्री असतात. ही साइट आमच्या छोट्या गटाची आहे: घर शोधणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं एक पान. वर्डप्रेस आणि ड्रुपल, दोन्ही फुकट, दोन्ही पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालणारी.

वर्डप्रेस सोडायचा विचार सुरू झाला तो मराठी पत्त्यांमुळे. पानाचं शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता तयार करतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायची पद्धत) तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या चिन्हासकट तीन वर्ण होतात. म्हणजे एका चिन्हाचे नऊ. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, हे सगळं वेगळं मोजलं जातं. आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये या नावासाठी जागा आहे २०० वर्णांची. भागाकार करून बघा: जेमतेम बावीस चिन्हं. त्यापुढचं सगळं कापलं जातं, कुठलीही सूचना न देता.

आमच्या गटात सगळेजण शीर्षक एकाच पद्धतीने लिहायचे: "दत्तक घेण्यासाठी उपलब्ध: भुरी", "दत्तक घेण्यासाठी उपलब्ध: गोट्या". यातल्या "उपलब्ध"पर्यंतच एकवीस चिन्हं होतात. कुत्र्याचं नाव सुरू व्हायच्या आत जागा संपते. मग सगळ्यांचा पत्ता सारखाच, आणि वेगळेपणासाठी शेवटी -२, -३, -४. नाव गेलं, उरला आकडा. व्हॉट्सॲपवर अशी लिंक पुढे गेली की ती टक्क्यांची लांबलचक ओळ बघून कुत्रा कोणता ते कुणालाच कळत नाही. एक कुटुंब चिंचवडहून गोट्याला बघायला आलं, मुलगी त्याच्यासाठी चेंडू घेऊन आली होती, आणि त्यांच्याकडे पोचलेली लिंक होती तात्याची. तात्या म्हातारा, एका डोळ्याने अधू. त्या मुलीचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं की त्याच रात्री मी दुसरी सिस्टिम शोधायला बसले.

ड्रुपलमध्ये पत्ता देवनागरीतच साठवला जातो आणि त्याला २५५ चिन्हांची जागा असते. पाथऑटो नावाचं मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा भाग) वेगळं घ्यावं लागतं. त्यात साचा ठरवून दिला की नाव आणि भाग घेऊन पत्ता आपोआप बनतो. शीर्षक काहीही असो, पत्त्यात भुरी ही भुरीच राहते. पहिले काही आठवडे मी या एका गोष्टीवरच इतकी खूश होते की भेटेल त्याला दाखवत होते.

आता माझं मत थोडं बदललंय, तेही सांगायला हवं. वर्डप्रेसमध्ये पत्त्याची चौकट हाताने बदलता येते. पान प्रसिद्ध करण्याआधी तिथे छोटं नाव लिहिलं की प्रश्न मिटतो. स्वयंसेवकांना ते दर वेळी लक्षात राहणार नाही हे खरं, पण फक्त तेवढ्यासाठी कुणी साइट हलवू नये. तुमची साइट लेखांची असेल, लिहिणारे एक-दोघेच असतील, तर वर्डप्रेसवरच राहा आणि ती चौकट भरायची सवय लावून घ्या.

आमच्यासाठी हलवणं योग्य ठरलं ते दुसऱ्या कारणाने. कुत्रा म्हणजे लेख नव्हे. त्याचं वय असतं, लशींच्या तारखा असतात, नसबंदी झाली की नाही, कानाला खूण आहे की नाही, गोचीडताप झाला होता का, हे सगळं असतं. ड्रुपलमध्ये या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना मी स्वतः, एकही पैसा न देता केला. वर्डप्रेसमध्येही हे जमतं, पण त्यासाठी प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा भाग) लागतं, आणि आम्हाला हव्या त्या सोयी त्याच्या पैसे देऊन मिळणाऱ्या आवृत्तीत होत्या. त्या पैशांत लशी होतात.

रकान्यांचा खरा उपयोग पावसाळ्यात कळला. गोचीडतापाला डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स देतात, आणि कुत्रं दुसऱ्या आठवड्यात उड्या मारायला लागलं की लोक गोळ्या थांबवतात. आता कोर्स सुरू झाल्याची तारीख रकान्यात असते, आणि ज्यांच्या गोळ्या अजून चालू आहेत त्यांची यादी ड्रुपलच्या व्ह्यूजमधून (नोंदींच्या याद्या बनवणारा भाग) रोज सकाळी समोर येते. पार्व्होचंही (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) तसंच. तो विषाणू घरात आणि मातीत कित्येक महिने टिकतो, नुसत्या फिनाईलच्या भरवशावर राहून चालत नाही. आधी सगळी घाण धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, तेही दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. एका फॉस्टर घरात पार्व्होचं पिल्लू गेलं, की त्या घरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू पुढे बरेच महिने पाठवायचं नाही हे आम्हाला तोंडी लक्षात ठेवावं लागायचं. आता घराच्या नोंदीवरच ते लिहिलेलं असतं, आणि पिल्लांसाठी घर शोधताना ते घर यादीत येतच नाही.

आणि क्रम. नवं पान सगळ्यांत वर ही ब्लॉगची रीत आहे. बातमीसाठी ती बरोबर, पण घर शोधणाऱ्या कुत्र्यासाठी ती क्रूर आहे. जो सगळ्यांत जास्त दिवस वाट बघतोय तो शेवटच्या पानावर ढकलला जातो, तिथे कुणी जात नाही, म्हणून त्याला घर मिळत नाही, म्हणून तो आणखी मागे जातो. मी मुखपृष्ठावर क्रम उलटा केला. हे वर्डप्रेसमध्येही करता येतं, ज्यांची अशी साइट आहे त्यांनी आजच करावं. तात्याला घर मिळालं ते तो पहिल्या ओळीत आल्यानंतर. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त आजोबांकडे असतो, तळमजल्यावर, आणि ते त्याला रोज दोनदा हळूहळू फिरवतात.

आता प्रत्यक्ष हलवण्याबद्दल, कारण बहुतेकजण तेच विचारतात. वर्डप्रेसमधून सगळा मजकूर बाहेर काढला की जी एक्सएमएल फाइल मिळते तिच्यात फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. नवी साइट ते जुन्या साइटवरून ओढून घेते. म्हणजे सगळं उतरून होईपर्यंत जुनी साइट चालू असली पाहिजे. आमच्या जुन्या होस्टिंगची मुदत संपत आली होती आणि ते एका महिन्यासाठी वाढवून द्यायला तयार नव्हते, वर्षाचेच पैसे हवे होते. मी अपलोडचा सगळा फोल्डर आधीच उतरवून घेतला आणि फोटो तिथूनच आत घेतले. वर्षाचे पैसे द्यायचे नव्हते, दिले नाहीत.

जुन्या साइटवरचा मजकूर आत आणणाऱ्या ड्रुपलच्या मायग्रेट यंत्रणेचं मला मनापासून कौतुक आहे. आत आलेल्या प्रत्येक नोंदीचा जुना क्रमांक आणि नवा क्रमांक ती एका तक्त्यात जपून ठेवते. काही चुकीचं दिसलं तर एका आदेशाने तेवढंच मागे घेता येतं आणि पुन्हा आत आणता येतं. त्या दिवसांत माझ्याकडे आईविना सापडलेली दोन पिल्लं होती. दर दोन तासांनी दूध, मग ओल्या कापसाने पुसून शी-शू करवणं. दोन दुधांच्या मधल्या वेळात मी एक फेरी चालवायची, पानं तपासायची, मागे घ्यायची. जुन्या गॅलऱ्या सुरुवातीला चौकटी कंसातल्या मजकुरासारख्या पानावर उमटत होत्या, फोटोंचे नुसते आकडे. अशा फेऱ्यांमुळेच त्या न घाबरता दुरुस्त करता आल्या.

भुरी सापडली ती पुढच्या गोष्टीमुळे. बिल्ल्यांवर मी वर्डप्रेसचा छोटा पत्ता छापला होता: मुख्य पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, पी, बरोबरचं चिन्ह आणि पानाचा क्रमांक. कारण साधं होतं. मराठी शीर्षकाचा लांब पत्ता क्यूआरमध्ये घातला तर दोनशेवर वर्ण होतात आणि चौकोन ६१ बाय ६१ घरांचा होतो. रुपयाएवढ्या बिल्ल्यावर ती घरं इतकी बारीक होतात की दोन महिने दगडांवर घासल्यावर फोन ती वाचू शकत नाही. छोटा पत्ता २९ बाय २९ मध्ये बसतो.

ड्रुपलवर गेल्यावर या छोट्या पत्त्याचं काय होतं, तर मुखपृष्ठ उघडतं. प्रश्नचिन्हापुढचं ते बघतच नाही. आणि हे ४०४ ("पान सापडलं नाही") पेक्षा वाईट आहे, कारण ४०४ ची नोंद होते, ती यादी काढून दुरुस्ती करता येते. इथे सर्व्हरच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. फक्त रात्री अंधारात घाबरलेल्या कुत्र्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला एका कुत्र्याऐवजी अख्खी यादी दिसते.

उपाय असा केला. पानं आत आणताना ड्रुपलला नवे क्रमांक देऊ दिले नाहीत, वर्डप्रेसचेच क्रमांक कायम ठेवले. साइट रिकामी असेल तर हे करता येतं. मधले आकडे गाळले जातात, त्याने काही बिघडत नाही. मग सर्व्हरवर एकच नियम: मुखपृष्ठावर पी आणि आकडा घेऊन कुणी आलं तर त्याच आकड्याच्या नोडवर (ड्रुपलमधल्या पानावर) ३०१ ने, म्हणजे "पत्ता कायमचा बदललाय" असं सांगून, पाठव. एका नियमात सगळे बिल्ले जिवंत राहिले. कर्वेनगर, औंध, हडपसर, कुठे कुठे गेलेल्या कुत्र्यांच्या गळ्यातले. त्या सगळ्यांना बोलावून पट्टे बदलणं आम्हाला शक्यच नव्हतं.

लांब मराठी पत्त्यांसाठी एक खाचखळगा लक्षात ठेवा. अपाचे सर्व्हर आलेला पत्ता आधी उलगडतो आणि मग नियमाशी ताडून बघतो. त्यामुळे .एचटीॲक्सेस या अपाचेच्या नियमांच्या फाइलमधल्या रीराइटच्या (पत्ता बदलण्याच्या) नियमात टक्क्यांची ती ओळ चिकटवली तर ती कधीच जुळत नाही. तिथे सरळ देवनागरी लिहायचं. आणि हे नियम इतक्यात काढू नका. गूगल निदान एक वर्ष ठेवायला सांगतं. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो, म्हणून मी ते कायमच ठेवणार आहे.

त्रास झाला तो होस्टिंगचा. ड्रुपल ११ ला पीएचपी ८.३ लागतं. आमचे नवे होस्टिंगवाले तक्रारीच्या तिकिटाला उत्तर द्यायचे की ८.२ पुरेसं आहे. कशाला पुरेसं आहे ते सांगत नव्हते. ते प्रकरण मिटलं तर कंपोझर (ड्रुपलचे भाग उतरवून जुळवणारं साधन) चालवताना मेमरी संपायला लागली, आणि त्यावर उत्तर एकच: वरचा प्लॅन घ्या. वरच्या प्लॅनचा वर्षाचा फरक म्हणजे एका कुत्रीच्या नसबंदीचा खर्च. मी प्लॅन घेतला नाही. कंपोझर घरच्या लॅपटॉपवर चालवते आणि तयार फोल्डर वर चढवते. वेळ जातो, पण चालतं. हे ज्यांना करायचं नाही किंवा कुणी करून देणारं नाही, त्यांनी ड्रुपलच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. वर्डप्रेसचा अपडेट एका बटणावर होतो, हा त्याचा फार मोठा गुण आहे आणि तो सोडून आल्यावरच कळतो.

ड्रुपलचं मराठी भाषांतरही अर्धवट आहे. स्वयंसेवकांना निम्मी बटणं मराठीत, निम्मी इंग्रजीत दिसायची आणि त्या गोंधळायच्या. मी आतलं सगळं इंग्रजी ठेवलं आणि रकान्यांची नावं तेवढी मराठी दिली. आमच्या गटातल्या सत्तरीच्या काकू आता फोनवरून स्वतः पान भरतात, लशीच्या तारखेसकट.

भुरीच्या रात्रीनंतर नवे बिल्ले करायला दिलेत. त्यांवर वर्डप्रेसचाही क्रमांक नाही आणि ड्रुपलचाही नाही. गटाच्या वहीत प्रत्येक कुत्र्याला जो क्रमांक मिळतो तोच पत्त्यात घातलाय, आणि रीडायरेक्ट मॉड्यूलने तो त्या कुत्र्याच्या पानाला जोडलाय. उद्या ड्रुपलही सोडावं लागलं तर वहीतले क्रमांक आमच्याकडेच राहतील. बिल्ला बनवणाऱ्याला छपाई नको, पितळेवर कोरूनच दे म्हणून सांगितलंय, आणि क्यूआरच्या खाली फोन नंबरही कोरायचाय, कारण स्कॅन करता येणारा फोन प्रत्येकाकडे असेलच असं नाही.